सयामची भग्न अयोध्या

ज्या देशाचे नाव १९३९ पर्यंत सयाम होते व आज थायलंड आहे, त्या देशाची चार शतकांची राजधानी अयुथया ही बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवर भग्नावस्थेत पडलेली आहे. आमच्या देवस्थानाच्या काही महाजन-कुळाव्यांसमवेत त्या देशी जाण्याचा योग आला, तेव्हा एक संपूर्ण दिवस आम्ही ह्या नगरीसाठी राखून ठेविला होता. सहल प्रवासी संस्थेने आखलेली. सकाळी सात वाजता बस, दुपारी ठरलेल्या ठिकाणी भोजन, ठरलेली स्थळे, आणि प्रत्येक स्थळी घड्याळ पाहून चाळीस मिनिटे. अशा रीतीने इतिहास पाहणे कोणाही अभ्यासकाला रुचावयाचे नाही. परंतु पंचवीस माणसांचा मेळा, त्यांतील निम्मी साठी उलटलेली, अशा वेळी अभ्यासकाने आपला हट्ट गुंडाळून ठेवावा हेच बरे. आमची मार्गदर्शिका एक तरुण थायी स्त्री होती. ती इंग्रजी सावकाश व स्वच्छ बोले, हातात पिवळे निशाण धरी आणि कोणी मागे राहिला की ते निशाण न बोलता उंच करी.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. अयुथया म्हणजे आपली अयोध्याच. १३५१ साली ऊ थोङ नावाच्या राजाने चाओ फ्रया, लोपबुरी व पा साक ह्या तीन नद्यांच्या संगमावर, चहूंकडून पाण्याने वेढलेल्या भूमीवर ही राजधानी वसविली, आणि स्वतः 'रामाथिबोदी' म्हणजे रामाधिपती हे नाव धारण केले. नगरीचे औपचारिक नाव 'क्रुङ् थेप द्वारवदी सी अयुथया' असे होते. ह्यातील 'थेप' म्हणजे देव व 'सी' म्हणजे श्री. द्वारवती आणि अयोध्या ह्यांचा अर्थ वाचकांना सांगावयास नको. द्वारवती हे त्याच प्रदेशातील एका प्राचीन मोन राज्याचेही नाव होते, तथापि त्या राज्याला तरी ते नाव कोठून आले हे उघड आहे. श्रीकृष्णाची नगरी आणि श्रीरामाची नगरी अशा दोन्ही एकाच नावात गोवण्याचे धाडस आपल्याकडे कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. राजांच्या नावांचीही तीच गोष्ट. कानांना ती परकी वाटतात, पण लिहून पाहिली की ओळख पटते. रामेसुअन म्हणजे रामेश्वर, नरेसुअन म्हणजे नरेश्वर, नाराय म्हणजे नारायण; आणि बोरोम्मत्राईलोकनात ह्या अवघड दिसणाऱ्या नावाच्या आत आपला परमत्रैलोक्यनाथ बसलेला आहे.

हे ऐकून आमच्यातील एका सद्गृहस्थांनी बसमध्येच विचारले की, मग हे लोक मूळचे हिंदूच ना? असा प्रश्न आपल्याकडील पुष्कळांच्या मनात येतो आणि त्याला 'होय' असे उत्तर देणारी भाषणेही आपण ऐकतो. परंतु तसे समजणे बरोबर नाही. अयुथयेचे राजे बौद्ध होते, प्रजाही थेरवादी बौद्ध होती. मात्र राजपदाचे सारे विधी ब्राह्मणांच्या हातून होत. राजनिष्ठेची शपथ घेताना ब्राह्मण शस्त्रे पाण्यात बुडवीत व ते पाणी अधिकारी प्राशन करीत. त्या शपथेच्या प्राचीन थायी काव्याचा आरंभ विष्णू, शिव व ब्रह्मदेव ह्यांच्या स्तवनाने होतो. अयुथयेच्या सत्तेखालील कांफेङ् फेत नावाच्या नगरात १५१० साली तेथील अधिपतीने शंकराची एक कांस्यमूर्ती स्थापिली. नगरातील द्विपाद व चतुष्पाद अशा सर्व जीवांच्या रक्षणासाठी ती स्थापिली आहे, असे तिच्या पीठावरील लेखात सांगितले आहे. १५१० हे वर्ष गोमंतकीय वाचकांना निराळ्याच कारणाने ठाऊक आहे.

आम्ही प्रथम पाहिले ते महाथात, म्हणजे महाधातूचे मंदिर. १३७४ साली त्याची स्थापना झाली. त्याचे मुख्य शिखर १९११ साली कोसळले. आज तेथे विटांचा चौथरा आणि भोवती शेकडो शिरोहीन मूर्ती आहेत. परंतु प्रवाशांची गर्दी असते ती एका वृक्षापाशी. पिंपळाच्या मुळांच्या जाळ्यात बुद्धाचे एक पाषाणशिर गुरफटले आहे. मुळे वाढता वाढता त्याच्या कानांवरून, हनुवटीखालून गेली आहेत आणि मुखावरील मंद स्मित तेवढे उघडे राहिले आहे. ह्या शिराहून आपले मस्तक उंच ठेवून छायाचित्र काढून घ्यावयाचे नाही, असा तेथे नियम आहे. पहारेकरी उभा असतो व तो प्रत्येकाला खाली बसावयास सांगतो. देशोदेशीचे धट्टेकट्टे प्रवासी चड्ड्या सावरीत मातीत गुडघे टेकताना पाहून आमच्यातील तरुणांना हसू आले. आम्हाला मात्र तो पहारेकरी फार आवडला.

मूर्तींची मस्तके कोणी तोडली, ह्याचे उत्तर मार्गदर्शिकेपाशी तयार होते. ब्रह्मदेशाच्या सैन्याने, १७६७ साली. प्रत्येक मंदिरापाशी तिने हेच वाक्य उच्चारले. त्यात खोटे काही नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर ब्रह्मी सैन्य आत शिरले, नगरीला आग लागली, राजा एक्कथात मृत्यू पावला आणि सोन्यासाठी मूर्ती फोडण्यात व वितळविण्यात आल्या. परंतु सर्व अपराध ब्रह्मी सैन्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते सैनिकही बौद्धच होते. पुष्कळशी मस्तके त्यानंतर, पुराणवस्तूंच्या बाजारासाठी, त्या त्या काळच्या चोरांनी कापून नेली. शेजारच्याच रात्चबूरन मंदिराची हकीकत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १४२४ साली राज्यासाठी दोन भाऊ हत्तींवरून एकमेकांशी लढले व दोघेही पडले. तिसरा भाऊ आयता राजा झाला आणि त्याने थोरल्या दोघांच्या दहनभूमीवर हे मंदिर बांधिले. त्याच्या गर्भात पुरलेले सोने ब्रह्मी सैन्याला सापडले नाही. ते सापडले १९५७ साली, चोरांना. सरकारने मागाहून उत्खनन करून जे वाचले ते तेथील संग्रहालयात ठेविले आहे. १९६१ साली उघडलेल्या त्या संग्रहालयाला त्याच तिसऱ्या भावाचे नाव दिलेले आहे.

आणखी एक गोष्ट मार्गदर्शिकेने सांगितली नाही, ती अशी की, नगरीचे तट पाडले ते शत्रूने नव्हे. १७८२ नंतर बँकॉकचे तट उभारण्यासाठी अयुथयेच्या विटा काढून होड्यांतून नदीने खाली नेण्यात आल्या. आज तटाचे अवशेष पाहावयास गेलेला मनुष्य गवताकडे पाहत राहतो, त्याचे कारण हे आहे.

तेथून आम्ही राजवाड्याच्या आवारातील फ्रा सी सान्फेत ह्या मंदिराकडे गेलो. 'सान्फेत' म्हणजे सर्वज्ञ. घंटेच्या आकाराचे तीन उंच चैत्य एका ओळीत उभे आहेत आणि अयुथयेचे जे चित्र जगभर छापले जाते ते ह्यांचेच. परमत्रैलोक्यनाथाने १४४८ साली आपल्या वाड्याची जागा ह्या मंदिरासाठी सोडून दिली. १४९२ साली त्याच्या पुत्राने पिता व बंधू ह्यांच्या अस्थींवर पहिले दोन चैत्य बांधिले, आणि त्या पुत्राच्या अस्थींवर पुढे तिसरा झाला. हे राजघराण्याचे खासगी देवालय. येथे भिक्षू राहत नसत. चैत्यांच्या पुढे एका मोठ्या सभागृहाचे जोते आहे. तेथे १५०० साली सुमारे सोळा मीटर उंचीची, सोन्याने मढविलेली बुद्धाची उभी मूर्ती प्रतिष्ठित झाली होती. जोत्यावर आता विटांचे खांब अर्धेमुर्धे उभे आहेत, व जेथे मूर्ती होती तेथे काही नाही.

आमच्यातील सर्वांत वडील बाई, ज्यांना सारेजण माई म्हणत, त्या सकाळपासून काही बोलल्या नव्हत्या. कोणी मंदिर बांधिले, कोणी मोडले, किती साली, ह्यांपैकी कशातही त्यांना रस दिसला नाही. त्या रिकाम्या जोत्यापाशी मात्र त्या थांबल्या आणि आमच्याकडे वळून कोकणीत विचारू लागल्या, "हांगाच्या देवाक खंय व्हेलो?"

आम्ही हा प्रश्न इंग्रजीत मार्गदर्शिकेला सांगितला. ती क्षणभर चकित झाली. इतकी वर्षे हे काम करीत असता हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, असे ती म्हणाली. ब्रह्मी सैन्याने सोने वितळवून नेले हे ती रोज सांगे. पण मूर्तीचे पुढे काय झाले, हे विचारावे असे प्रवाशांना वाटत नाही.

माईंना ते वाटले ह्यात नवल काही नव्हते. ज्यांचे कुलदैवत आज अंत्रुजात आहे पण मूळ स्थान साष्टीत किंवा तिसवाडीत आहे, अशा घरात वाढलेल्या मनुष्याला मोडलेले देऊळ दिसले की पहिला प्रश्न हाच सुचतो. तिसवाडीतील देवळे १५४० साली पाडण्यात आली, साष्टीतील १५६७ साली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. रात्रीच्या अंधारात देव होडीत घालून जुवारी ओलांडणाऱ्या त्या माणसांची नावे बहुतेक आपणापाशी नाहीत. देव मात्र आहे, आणि त्याच्याबरोबर गावाचे जुने नावही आहे. केळोशीला आज शांतादुर्गेचे ते जुने देऊळ नाही, तरी तिला केळोशीकरीण म्हणणारे आहेत. म्हणून माईंचा प्रश्न आम्ही मनात धरिला आणि पुढचा सारा दिवस, किंबहुना घरी परत आल्यावर ग्रंथ चाळतानाही, त्याच्याच मागे गेलो.

मार्गदर्शिकेने जे उत्तर दिले ते असे. सोने गेले, पण आतील धातूचे भग्न शरीर उरले होते. बँकॉकचा संस्थापक पहिला राम ह्याने ते होडीतून आपल्या राजधानीत आणविले. ते वितळवून नवी मूर्ती ओतावी असे त्याच्या मनात होते. परंतु जी एकदा बुद्धमूर्ती झाली ती अग्नीत घालणे योग्य नाही असे धर्मगुरूंनी सांगितले, असे म्हणतात. तेव्हा त्याने ते अवशेष एका चैत्यात प्रतिष्ठापूर्वक बंद केले. तो चैत्य बँकॉकच्या वाट फो ह्या मंदिरात आहे आणि त्याचे नावही सी सान्फेत हेच आहे. "उद्या तुम्ही तेथेच जाणार आहात," असे तिने आमचे वेळापत्रक पाहून सांगितले.

नगरी जळाल्यावर काय काय हलविले गेले ह्याचा हिशेब मांडू लागले की मन थक्क होते. वेढ्यातून सुमारे पाचशे माणसे घेऊन निसटलेल्या ताकसिन नावाच्या सेनापतीने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अयुथया परत घेतली. चीनचे सैन्य ब्रह्मदेशावर चालून आल्यामुळे ब्रह्मी राजाला येथे फौज ठेवणे शक्य नव्हते, ह्याचाही त्याला लाभ झाला. परंतु जळालेल्या नगरीत न राहता त्याने समुद्राच्या बाजूला थोनबुरी येथे राजधानी केली, आणि १७८२ साली पहिल्या रामाने ती नदीपलीकडे बँकॉकला नेली. त्याने ओस पडलेल्या मंदिरांतून बाराशेहून अधिक बुद्धमूर्ती बँकॉकला आणविल्या. दरबारचे ग्रंथ पुष्कळसे जळाले होते. इतिहासग्रंथाला थायी भाषेत 'फोङ्सावदान' म्हणतात, आणि तो शब्द म्हणजे आपला 'वंश' व 'अवतार'. असे वंशावतारही आगीत गेले. राज्याभिषेकाचा विधी कसा करावयाचा हे सांगणारी पोथीही हाती नव्हती. तेव्हा १७८३ साली अयुथयेच्या दरबारात वावरलेले जे जुने अधिकारी हयात होते, त्यांना एकत्र बसवून त्यांच्या आठवणींवरून तो विधी लिहून काढण्यात आला, आणि १७८५ साली पहिल्या रामाने त्या विधीप्रमाणे पुन्हा पूर्ण अभिषेक करून घेतला. १७८२ साली झालेला संक्षिप्त विधी त्याला पुरेसा वाटला नाही. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणावर उभ्या असलेल्या ह्याच परंपरेतील अभिषेक २०१९ च्या मे महिन्यात दहाव्या रामाला झाला, व त्या वेळीही ब्राह्मणांनी त्याच्या हाती अभिषेकजल दिले.

नावही हलविले गेले. बँकॉक हे परकीयांचे नाव. थायी लोक आपल्या राजधानीला क्रुङ् थेप म्हणतात, म्हणजे अयुथयेच्या नावाचा आरंभीचा भाग. तिचे संपूर्ण नाव जगातील स्थळनामांत सर्वांत लांब म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात 'महिन्तरायुथया', म्हणजे महेंद्राची अयोध्या, हा शब्द आहे, आणि ही नगरी शक्राने दिली व विश्वकर्म्याने उभारिली असेही त्यात म्हटले आहे. पहिल्या रामाने रामकथेचे थायी काव्य, 'रामकियेन', पुन्हा सिद्ध करविले. ते १७९७ साली पूर्ण झाले.

आता ह्या हिशेबाची दुसरी बाजू. ब्रह्मी सैन्य परत गेले ते केवळ सोने घेऊन नव्हे, तर सहस्रावधी माणसेही घेऊन. त्यांत राजघराण्यातील स्त्री-पुरुष होते, एक माजी राजाही होता, आणि नट, नर्तक, वादकही होते. ह्या बंदिवानांनी ब्रह्मदेशाच्या दरबारात रामकथेचे नाट्य नेले व तेथे ते रुजले. जिची राजधानी अयोध्या ह्या नावाची होती ती नगरी जाळणाऱ्यांनी रामायण मात्र जिवंत घरी नेले.

आणि अयुथयेने तरी इतरांचे देव नेले नव्हते काय? १४३१ साली सयामच्या सैन्याने ख्मेरांची राजधानी अंकोर लुटली, तेव्हा तेथील भव्य कांस्यमूर्ती अयुथयेस आणण्यात आल्या, अशी हकीकत आहे. १५६९ साली ब्रह्मदेशाचा राजा बयिन्नौङ् ह्याने अयुथया घेतली तेव्हा त्या पेगूला गेल्या. शतक संपता संपता पेगू पडले तेव्हा आराकानच्या राजाने त्या आपल्या देशी नेल्या. १७८४ साली आराकान जिंकून ब्रह्मी राजाने त्या उत्तरेकडे आणिल्या, आणि त्यांतील सहा आज मंडालेच्या महामुनी मंदिराच्या आवारात उभ्या आहेत. तीन सिंह, एक तीन शुंडांचा ऐरावत आणि दोन उभे पुरुष, ज्यांना कोणी शिव म्हणतात, कोणी द्वारपाल. आपल्या शरीराचा जो भाग दुखतो तोच मूर्तीचा भाग चोळला असता व्याधी दूर होते अशी तेथील लोकांची श्रद्धा असल्यामुळे त्यांची पोटे व गुडघे झिजून चकाकतात. चार राजधान्या पाहून आलेल्या ह्या देवांना पूजा मिळते, इतके खरे. परंतु अंकोरच्या एखाद्या माईने त्यांच्या रिकाम्या जोत्यापाशी उभे राहून हाच प्रश्न विचारला असेल, आणि तिला उत्तर मिळाले नसेल.

दुपारच्या भोजनाची हकीकत थोडक्यात सांगतो. दिवस सोमवारचा असल्यामुळे आमच्यातील पुष्कळांना मांसाहार वर्ज्य होता, आणि यजमानांना माशांच्या रसाखेरीज भाजी करता येते हे पटविण्यात अर्धा तास गेला. शेवटी गोड म्हणून अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सोनेरी तंतू साखरेच्या पाकात घालून वाढले. ते पोर्तुगीज पद्धतीचे पक्वान्न असून अयुथयेत नाराय राजाच्या काळी रूढ झाले असे सांगतात. सोमवार असल्याने आम्ही ते केवळ पाहिले. रस्त्यावर मात्र येथील मुसलमान विक्रेते पातळ पोळीत साखरेचे रेशमासारखे तंतू गुंडाळून विकतात, आणि त्या पोळीला थायी भाषेतही 'रोटी' म्हणतात. ती सर्वांनी आवडीने खाल्ली.

भोजनोत्तर आम्ही जुन्या वाड्याच्या पलीकडील ना फ्रा मेन हे मंदिर पाहिले. १७६७ च्या आगीतून जी थोडी मंदिरे सुटली त्यांपैकी हे एक. ह्याच्या दर्शनी त्रिकोणी भिंतीवर लाकडात कोरलेला विष्णू गरुडावर आरूढ आहे व भोवती देवगण आहेत. आत राजवस्त्रे व मुकुट धारण केलेला बुद्ध आहे. आमच्या मंडळींनी बाहेर विष्णूला व आत बुद्धाला अशा दोन्ही ठिकाणी हात जोडले आणि तेथील भिक्षूला त्यात काही वावगे वाटले नाही. जवळच मोंखोन बोफित, म्हणजे मंगलपवित्र नावाची प्रचंड कांस्यमूर्ती आहे. १७६७ साली छप्पर जळाल्यापासून ती दीर्घकाळ उन्हापावसात होती. १९५५ साली ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू येथे आले आणि मूर्तीवरील वास्तू पुन्हा उभारण्यासाठी त्यांनी दोन लक्ष बाट दिले. ही गोष्ट मार्गदर्शिकेने सांगितली नाही, आम्ही सांगितली. तिने ती आपल्या टिपणवहीत लिहून घेतली.

शेवटचे स्थळ वेळापत्रकात नव्हते. गोव्याहून आलो आहोत तर पोर्तुगीज वस्ती पाहिल्याखेरीज परत जाणे आम्हाला बरे वाटेना, म्हणून विनंती करून बस नदीकाठी दक्षिणेस नेली. १५११ साली मलाक्का घेतल्यावर आल्बुकर्कने आपला दूत दुआर्ते फेर्नांदिश ह्यास अयुथयेस पाठविले. सयामच्या दरबारी आलेला हा पहिला युरोपीय. पुढे १५१६ साली तह झाला. पोर्तुगीजांना व्यापाराची व आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मिळाली, आणि वस्तीसाठी जागाही मिळाली. तेथील चर्चच्या पायाचे उत्खनन १९८४ साली झाले व सुमारे दोनशे सांगाडे सापडले. काही जसेच्या तसे छपराखाली उघडे ठेविले आहेत. ज्या दशकांत तिसवाडी-साष्टीतील देवळे पडत होती त्याच दशकांत येथे त्याच राज्याची माणसे एका बौद्ध राजाने दिलेल्या भूमीवर चर्च बांधून निर्धास्त राहत होती, आणि त्यांतले शंभराहून अधिक त्या राजाच्या सैन्यात चाकरीसही होते.

येथेच आम्हाला आणखी एका प्रवासाची आठवण झाली. १६८४ साली नाराय राजाने पोर्तुगालच्या राजाकडे तीन वकील पाठविले. त्यांचा मार्ग गोव्यावरून होता. ते गोव्यास पोहोचले तेव्हा लिस्बनला जाणारा ताफा निघून गेला होता, आणि पुढील ताफ्याची वाट पाहत त्यांना महिन्यांमागून महिने गोव्यात काढावे लागले. संभाजी महाराजांनी गोव्यावर केलेल्या स्वारीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने त्याच वर्षी २७ जूनला हुकूम काढिला होता की, येथील लोकांनी तीन वर्षांच्या आत कोकणी टाकून पोर्तुगीज बोलावे. गोमंतकीयांनी कोकणी टाकली नाही हे ह्या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. मात्र त्या वकिलांपैकी ओक खुन चाम्नान हा तेवढ्या अवधीत पोर्तुगीज बोलावयास शिकला. १६८६ च्या आरंभी त्यांचे जहाज गोव्याहून निघाले आणि एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी खडकांवर फुटले. वाचलेले लोक महिनाभर पायी चालत केपच्या डच वसाहतीत पोहोचले. पोर्तुगालच्या राजाची भेट झालीच नाही. चाम्नान सयामला परतला आणि पुढे १६८८ साली रोमला जाऊन पोपला भेटला. हा अयुथयेचा मनुष्य मांडवीच्या काठी कोठे राहत होता, ती जागा आज कोणी दाखवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकॉकमध्ये प्रथम आम्ही ब्राह्मणांचे देवस्थान पाहिले. 'थेवसथान' असेच त्याला म्हणतात. शिव, गणेश व विष्णू अशी तीन छोटी देवळे पहिल्या रामाने १७८४ साली बांधिली. अयुथयेच्या पाडावानंतर दरबारचे विधी पुन्हा सुरू करण्यासाठी दक्षिणेकडील नखोन सी थम्मरात, म्हणजे श्रीधर्मराजनगर, अशा स्थळांच्या ब्राह्मण घराण्यांतून माणसे आणण्यात आली. त्यांचे पूर्वज कधी काळी तमिळ देशातून आलेले. अजूनही हिवाळ्यात शंकर दहा दिवस व विष्णू पाच दिवस पृथ्वीवर येतो असे मानून तेथे उत्सव होतो, आणि त्या वेळी तमिळ शैव संतांची पदे म्हटली जातात. ती म्हणणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. विद्वानांनी पोथ्या तपासून ती तमिळ आहेत हे विसाव्या शतकात दाखवून दिले. उत्सवातील मोठा झोपाळा देवळासमोर उभा आहे, पण त्यावर झोके घेण्याचा विधी १९३५ पासून बंद आहे. शुभ्र वस्त्रातील, केसांचा अंबाडा बांधलेला एक ब्राह्मण आम्हाला गाभाऱ्यापर्यंत घेऊन गेला. आमच्यातील एका भटजींनी त्याला संस्कृतात कुशल विचारले. त्याने हसून हात जोडले. उत्तर थायीत दिले.

तेथून वाट फो. प्रचंड शयनबुद्ध पाहण्यासाठी सर्व प्रवासी उजवीकडे वळतात. आमची मंडळीही वळली. माईंनी मात्र मार्गदर्शिकेचा हात धरिला. भिंतीने वेढलेल्या एका आवारात निरनिराळ्या रंगांच्या कौलांचे चार उंच चैत्य आहेत, त्यांतील हिरवा तो सी सान्फेतचा. त्याला दार नाही, खिडकी नाही; चाळीस मीटरांहून उंच अशा त्या भरीव शिखरात काय आहे ते बाहेरून काहीच कळत नाही. "ह्याच्या आत," असे मार्गदर्शिकेने बोटाने दाखविले. माईंनी पादत्राणे काढून बाजूला ठेविली, पदर सावरला आणि त्या चैत्याला प्रदक्षिणा घालू लागल्या. फरशी तापली होती. पहिली झाली, दुसरी झाली. मार्गदर्शिका निशाण खाली धरून उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिले आणि बसच्या चालकाला दूरध्वनी करून थांबावयास सांगितले.